पाठीवरची लाल खूण

माझा नवरा धुळ्याहून सिल्वासाला आला तो प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या कारखान्यात. साच्यातून निघालेल्या मालात कुठे खोट आहे, हे त्याला लांबूनच दिसतं. लेकीचा पाठीचा कणा एका अंगाला झुकतोय म्हणून तिला धडाभोवती आवळायचा प्लास्टिकचा ब्रेस दिला, तेव्हा मी रडत होते आणि नवरा ब्रेस उलटासुलटा करून त्याची जाडी बघत होता. असा संताप आला होता मला.

लेक दुसरीत. ब्रेस दिवसभर घालायचा, झोपतानाही. आंघोळीला आणि संध्याकाळच्या खेळाला तेवढी सुट्टी. कण्याचा बाक वाढला तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो शब्द आम्ही घरात काढत नव्हतो.

थोड्याच दिवसांत ब्रेस सोडला की पाठीकडच्या बरगडीवर लाल चट्टा दिसायला लागला. आमली वस्तीतल्या आमच्या शेजारणी हळहळल्या. नवऱ्याचं निदान तयारच होतं: साचा चुकलाय. त्याने कारखान्यातून प्लास्टिक तापवायची हॉट गन आणली, ब्रेसला आतून आलेला फुगवटा गरम करून सपाट केला, कडा घासल्या. चट्टा गेला. लेक खूश, मी खूश, आणि याचा तोरा तर विचारूच नका.

पुढच्या तपासणीला वापीला गेलो. ब्रेस बनवणाऱ्या बाईंनी आतून हात फिरवला आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. नवऱ्याने ऐटीत स्वतःकडे बोट दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "भाई, वो दबाने के लिए ही बनाया था."

कण्याला सरळ ढकलणारी जागाच आम्ही काढून टाकली होती. गणपती करायला गेलो आणि माकड झालं. पोर उकाड्यात घामाघूम होऊन नुसता डबा अंगावर वागवत होती. बाईंनी समजावलं, की लाल खूण उठायलाच हवी. थोड्या वेळात गेली म्हणजे झालं, कातडी सोलली तरच धावत या. त्यांनी फुगवटा पुन्हा बसवून दिला. परतताना नवऱ्याला बोल लावायचा धीर मला झाला नाही. मधल्या काळात बाक वाढला असेल तर, एवढंच दोघांच्या मनात होतं.

पुढचा एक्स-रे निघेपर्यंत आम्ही कसे दिवस काढले ते आमचं आम्हाला माहीत. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारीशेजारी लावला. बाक वाढला नव्हता, उलट थोडा उतरला होता. ब्रेस चालू ठेवा, ऑपरेशनचं आता काही नाही, म्हणाले. तिथल्या खुर्चीत बसून मी मनसोक्त रडले.

आता कामावरून आल्यावर ब्रेसचे पट्टे नवराच सोडतो. लेक त्याच्याकडे पाठ करून विचारते, "पप्पा, लाल आहे का?"

तो वाकून नीट बघतो. "आहे वं माय," म्हणतो आणि मगच चहाला बसतो.