ढाल आली त्या वर्षी

उत्तमराव मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. आई मोर्णा नदीच्या काठी वांगी-मेथी पिकवून बाजारात विकायची. कुस्तीच्या जोरावर त्याला अमरावतीच्या एका मोठ्या हायस्कुलात ड्रिल मास्तरची नोकरी लागली. शाळेत पोरं शेकड्यांनी, तरी आंतरशालेय कुस्त्यांची ढाल दुसरीकडेच जायची, आणि हेडमास्तर ते चारचौघांत बोलून दाखवत.

शेंदूरजनाघाटच्या लहानशा शाळेत भगवंत नावाचा पोरगा होता. तिथल्या पुंजाराम गुरुजींनी संत्र्याच्या बागेलगत कुस्तीसाठी माती खणून त्याला तयार केलं होतं. उत्तमराव थेट पोराच्या बापाला भेटला. बोर्डिंग फुकट, वर रोजचं दूध, असं सांगितलं. जूनमध्ये भगवंत अमरावतीला आला. गुरुजींना विचारायला उत्तमराव गेलाच नाही.

हिवाळ्यात अकोल्याला कुस्त्या झाल्या. भगवंतच्या वजनगटात त्याच्या जुन्या शाळेनं देवीदासला उभं केलं. दोघं एकाच मातीत वाढलेले, पण देवीदास अंगानं अगदीच किरकोळ. दुसरं कोणी नव्हतंच त्यांच्याकडे. भगवंतनं त्याला कमरेत धरून उचललं, पण आपटलं नाही. अलगद पाठीवर ठेवलं. लोक हसले. देवीदास डोळ्यांवर हात घेऊन तसाच पडून राहिला.

ढाल उत्तमरावाच्या शाळेला मिळाली. भगवंत मात्र गावच्या पोरांत जाऊन बसला.

"चाल, फोटो काढून राह्यले," उत्तमराव म्हणाला.

"तुमी काढा, मास्तर. मी इथंच बसतो."

तेवढ्यात पुंजाराम गुरुजी जवळ आले. आता हे पोरगा पळवल्याचं चार लोकांत काढणार, म्हणून उत्तमराव अंग चोरून उभा राहिला.

"पोराचं अंग भरलं," गुरुजी म्हणाले. "दूध मानवलं त्याले. आमी कुठून देनार होतो?"

बोलण्यात टोमणा नव्हता. उत्तमरावाचे कान तापले. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. पण हेडमास्तरांनी हाक मारली आणि तो गेला. फोटोत ढाल धरून उभा राहिला.

पुढच्या वर्षी शाळांच्या सभेत त्यानं मागणी केली: शाळा बदललेल्या पोरानं पहिलं वर्ष खेळू नये, आणि लहान शाळांचा गट वेगळा असावा.

"तुम्ही पगार कोणाचा घेता?" हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

वेगळा गट झाला नाही. पहिली मागणी तेवढी मान्य झाली. ते सांगायला उत्तमराव शेंदूरजनाघाटला गेला. गुरुजींनी चहा पुढे केला.

"बरं केलं तुमी."

"देवीदास काय म्हनते?"

"तो मातीत उतरत नाही आता. लोक हसले ना, ते बसलं त्याच्या मनात."

उत्तमरावानं चहा संपवला. माफीचा शब्द याही वेळी त्याच्या तोंडून निघाला नाही. बागेकडच्या कुस्तीच्या खड्ड्यात गवत माजलं होतं. निघताना तो त्या बाजूनं गेला नाही, लांबच्या वाटेनं मोटरस्टँड गाठला.