पाटावर चालायची परवानगी

"लॉकडाऊन तसा बरा होता हो, घरच्यांबरोबर निवांत वेळ मिळाला," असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य अजूनही कुणीतरी अधूनमधून टाकतंच. मग कुणी पाणीपुरी घरी करायला कसे शिकले ते सांगतो, कुणी केस घरीच कापल्याचं. मी चहाचा कप उचलते आणि व्हरांड्यात येऊन उभी राहते, कारण आत थांबले तर मी काय बोलेन याचा भरवसा नाही.

आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, पाटाच्या म्हणजे कालव्याच्या कडेला. मी तिथल्याच झेडपीच्या शाळेत शिकवते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी आणि वडील. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णांनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या ट्रकवर काढली आणि रिटायर झाले. लॉकडाऊनच्या आधीच्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय दोन्ही गेले. हात थोडाफार आला. पायाचं नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गोळ्या निमित्ताला. चालणं हेच औषध. सपाट रस्त्यावर, सरळ, रोज. चालले तर पाय परत येईल. बसून राहिले तर पाऊल आत वळेल, मग माझ्या हातात काही नाही."

जन्मभर गाडीवर बसलेला माणूस त्या थंडीत लहान लेकरासारखा चालायला शिकला. आमच्या वस्तीच्या मागून पाटाचा रस्ता निघतो. दोन्ही बाजूंना लोकांची शेतं, मधून सरळ सपाट वाट. पहिल्यांदा पाटावरच्या पहिल्या मोरीपर्यंत, त्या छोट्या पुलापर्यंत, मग दुसऱ्या. शिमग्याच्या सुमारास तर आण्णा काठी नुसती काखेत धरून यायला लागले होते. येताना ओरडायचे, "चहा टाक गं, गाडी टायमावर हाय!"

आणि सगळं बंद झालं.

रोज मोबाईलवर नवा आदेश यायचा. कालचा आदेश आजचा येईपर्यंत शिळा. भाषा अशी, की वाचताना धाप लागावी: "अत्यावश्यक बाबी व तदनुषंगिक सेवा वगळून." वस्तीतले सगळे माझ्याकडे यायचे. मॅडम, दळण आणायला जाता येतं का? मॅडम, दशक्रियेला किती माणसं? मॅडम, डबलसीट चालतं का? मी आपली वाचून अर्थ लावत बसायची. लिहिणारे उंटावरून शेळ्या हाकत होते आणि खाली आम्ही एकमेकांच्या पायात पाय घालून पडत होतो. फिरायला, व्यायामाला बाहेर पडायची बंदी होती. शेतीच्या कामाला सूट होती. एवढं मात्र कुणालाही कळत होतं.

गावातल्या पोरांनी पाटाच्या तोंडाशी बाभळीचे फाटे टाकून नाका बसवला. नाक्यावर माझाच एक जुना विद्यार्थी, गळ्यात शिट्टी. वर्गात पाढे म्हणताना ज्याची बोबडी वळायची तो आता गावाला शिस्त लावत होता. सकाळी शेतकरी खांद्यावर कुदळ टाकून, दुधाची किटली लटकावून जायचे. फाटे बाजूला व्हायचे. आण्णा काठी घेऊन गेले, तर शिट्टी वाजली.

"काका, फिरायला बंदी हाय."

"फिरायला न्हाई, पायाला चाललोय बाबा."

"शेतात जाणाऱ्यालाच सोडायचं, असं ठरलंय. शेत कुठंय तुमचं?"

आण्णा तसेच मागे फिरले. घरी येऊन त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. आम्ही बौद्ध. आजोबांच्या वेळी धर्म बदलला, पण त्याबरोबर सातबारा काही मिळाला नाही. आमचं शेत कुठंय हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुठंच नाही! त्या पोराच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मलाही कळतं. त्याला नियम सांगितला, त्यानं विचारलं. पण प्रश्न विचारायला तोंड उघडण्याआधी उत्तर माहीत असेल, तर माणसानं गप्प बसावं की नाही?

मी तावातावानं नाक्यावर गेले. मोबाईल त्याच्यापुढे धरला. "वाच इथं. वैद्यकीय कारण. वैद्यकीय कारणासाठी बाहेर पडता येतं."

"मॅडम, दवाखान्यात जायला. पाटावर कुठाय दवाखाना?"

"अरे, त्यांचा दवाखानाच हा रस्ता आहे!"

"मग डॉक्टरची चिठ्ठी आणा. मला वरून विचारतात, मॅडम. मी काय सांगू?"

चिठ्ठी आणायला नगरला जायचं, नगरला जायला पास पाहिजे, आणि पासाला चिठ्ठी जोडायची. डॉक्टरांचा फोन लागेना. ते तिकडे कोविडच्या वॉर्डात. तरी मी मोबाईलवरून पासाचा अर्ज केला. कारण म्हणून लिहिलं, "चालणे." अर्ज नामंजूर. का नामंजूर, ते विचारायचं कुणाला?

आता म्हणाल, घरात चाला. चालले की! आमचं अंगण ते केवढं. चार पावलं टाकली की भिंत, की वळा. अर्धांगाच्या माणसाला सरळ जाणं जमतं, वळणं जमत नाही. वळताना अधू पाय मागेच राहतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आण्णा तसेच वळताना मोगऱ्याच्या कुंडीवर कोसळले. कोपर फुटलं. त्यानंतर अंगणातही भिंत धरून चालायला लागले, आणि आठवडाभरात मला त्यांचं पाऊल आत वळलेलं दिसायला लागलं. मी रात्री तेल लावून ते सरळ करायची, सकाळी परत तसंच.

आम्हाला दूध घालणाऱ्या काकू होत्या, गावातल्या, बागायतदार घरच्या. मनानं फार चांगली बाई. त्यांनी हे सगळं बघितलं आणि एक दिवस किटलीबरोबर विळा आणि गवत बांधायला धडपं घेऊन आल्या. "भाऊ, ह्ये घ्या. आमच्या बांधावर गवत लई माजलंय. कुणी इचारलं तर सांगा, काकूंच्या बांधावर गवताला चाललोय. कोन आडवतंय बघू."

मला वाटलं, सुटलो. नियमाला नियमानंच बगल. मी विळा हातात घ्यायला पुढे झाले, तेवढ्यात आण्णा बोलले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा ओढले जायचे, पण त्या दिवशी एकेक सुटा आला.

"वहिनी, तुमचं मन मोठं हाय. पर माझ्या आईनं लोकांच्या बांधावर गवत कापून, भारे वाहून जलम काढला. भारा टाकला की खळ्याच्या भाईर बसायचं, वरनं टाकलेली भाकर खायची. म्या पोरगं असताना तिच्याबरूबर भारे वाह्यलेत. गाडीचं स्टेरिंग हातात आलं तवा आईनं आमच्या घरातला विळा पाटात फेकून दिला. म्हनली, आता ह्यो घरात दिसाया नगं. आता पाय गेला म्हनून तो मी परत हातात धरू व्हय?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. विळा घेऊन गेल्या बिचाऱ्या, दुसऱ्या दिवशी दूध जरा जास्तच घातलं. मी मात्र चिडले. आण्णांवर! पाय महत्त्वाचा की मान, असं तोंडावर आलं होतं माझ्या. गिळलं. आजीला मी पाहिलेलं नाही, पण तिनं पाटात फेकलेला विळा बाहेर काढायला सांगणारी मी कोण?

मग एका सकाळी बघते तर आण्णांनी ट्रंक उघडलेली. आतून कारखान्याची खाकी काढली. डांबरगोळ्यांचा वास येत होता. "बटनं लाव," म्हणाले. साखर कारखान्याला सूट होती. उसाचं गळीत चालू होतं, भोंगा रोज आमच्या वस्तीपर्यंत ऐकू यायचा. मी बटणं लावली. काठी घरीच ठेवून, पाय ओढत, पण ताठ मानेनं आण्णा नाक्यावर गेले. मी वस्तीच्या कोपऱ्यावर उभी.

"काय काका, ड्युटी?"

"ड्युटी."

फाटे बाजूला झाले! वर ते पोरगं म्हणालं, "सावकाश जा, काका." आता मला सांगा, तोच माणूस, तोच पाय, तोच रस्ता. कारखान्याचा रस्ता त्या बाजूला जातसुद्धा नाही. खाकीला वाट आणि पांढऱ्या लेंग्याला शिट्टी, असा कोणता विषाणू असतो? पण मी खूश होते. आण्णा दुसऱ्या मोरीपर्यंत जाऊन आले आणि लांबूनच ओरडले, "चहा टाक गं!" पुढचे कितीतरी दिवस असंच चाललं. पाऊल परत टेकायला लागलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, उगाच सांगत नाही.

पुढे उसाचं गळीत संपलं. भोंगा बंद झाला आणि आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. रोजच्या आवाजाकडे कान कुठे असतो? त्या सकाळी नाक्यावर एक पोलीस बसला होता, बाहेरगावचा. आण्णा "ड्युटी" म्हणाले आणि माझा तो विद्यार्थी, सवयीनं, काही वाईट मनात न आणता बोलून गेला, "काका, कारखाना तर परवाच बंद झाला ना?"

पोलिसानं विचारलं, रिटायर कधी झालात? आण्णा खोटं बोलले नाहीत. पोलीस खेकसला, "सरकारला फसवायला वर्दी घालतो काय? काढ तो शर्ट." मी कोपऱ्यावरून पळत निघाले. डाव्या हातानं बटण सुटेना. उजव्यानं एकेक सोडवत आण्णा भर रस्त्यात उभे होते, आणि शेताला जाणारे लोक दुधाच्या किटल्या घेऊन बाजूनं जात होते. मी पोचले, ओरडले, "ते आजारी आहेत, लाज नाही वाटत का?" पोलीस म्हणाला, "बाई, मास्क वर घ्या." शर्ट हातावर टाकून, बनियनवर, आण्णा घरी आले. मी आधाराला हात दिला तो त्यांनी घेतला नाही. त्या विद्यार्थ्यानं नंतर घरी येऊन माझे पाय धरले. मी म्हटलं, माझे कशाला धरतोस?

त्यानंतर आण्णा ओट्यावर बसले ते बसलेच. अंगणातसुद्धा उठेनात. मी विनवण्या केल्या, भांडले, रडले. त्यांचं एकच, "राहू दे."

आणि मग काही आठवड्यांनी वरातीमागून घोडं आलं. नवा आदेश: मोकळ्या जागेत चालणे, धावणे, व्यायाम यांस परवानगी. मी तो उभ्या उभ्या वाचला आणि नाचायचीच बाकी होते. खाली आणखी एक ओळ होती: पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी घरीच थांबावे, आरोग्याचे कारण वगळून. पासष्टी तर आण्णांनी कधीच ओलांडली होती. पण ह्या वेळी आरोग्याचं कारण म्हणजे काय ते मी नाक्यावर त्या विद्यार्थ्यापुढे, सरपंचांपुढे, त्याच पोलिसापुढे असं काही समजावलं की तिघांनीही माना डोलावल्या. विद्यार्थ्यानं स्वतः बाभळीचे फाटे उचलून बांधावर टाकले. पाटाचा रस्ता मोकळा, सरळ, मोरीपर्यंत रिकामा.

मी पळतच घरी आले. आण्णा ओट्यावर होते. डावं पाऊल आत वळून पायरीला टेकलेलं, तेल लावूनही आता हलायचं नाही असं झालेलं. मी त्यांची काठी पुढे केली.

"आण्णा, उठा. परवानगी आली. पाटावर चालायला आता कुणी अडवत नाही."

त्यांनी काठीकडे बघितलं, मग पाटाकडे.

"कशापायी?" ते म्हणाले. "शेत हाय का आपलं तिकडं?"