बाबांच्या शर्टांचं पातेलं

गेल्या रविवारी आमच्या येलहंकाच्या फ्लॅटवर चक्क बोहारीण आली. हो, बेंगळुरूमध्ये, लिफ्टने, तिसऱ्या मजल्यावर! जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बोहारीण... सांगते सगळं.

बाबा गेल्यावर मी आईला साताऱ्याहून इकडे घेऊन आले. येताना तिने स्वतःचं सामान एका पिशवीत कोंबलं, आणि मोठ्या बॅगेत काय, तर बाबांचे कपडे. ती बॅग तिच्या पलंगाखाली तशीच. उघडायची नाही, कुणाला द्यायची नाही. आणि बाबांबद्दल तर बोलायचंच नाही... मला मात्र रोज बोलावंसं वाटायचं.

आमच्या सोसायटीत अधूनमधून जुने कपडे गोळा करतात. ते काम बघते आमची पद्माक्का, तळमजल्यावरची. मराठीच, पण कित्येक पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यामुळे बोलण्यात कन्नड सहज येतं. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक दिसलं तर ही बाई तुम्हाला लिफ्टमध्ये गाठून विचारणार!

चांगले कपडे कुणाच्या तरी अंगावर जातात, विरलेल्यांच्या पिशव्या शिवतात, अगदीच चिंध्या गाद्यांमध्ये. तेवढा ढीग गावाबाहेरच्या कचऱ्यात जात नाही. आणि रद्दी, बाटल्या विकून जे मिळतं त्यातून झाडलोट करणाऱ्या बायकांची दिवाळी होते.

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "बदल्यात काय देतात?"

"अगं आई, काही देत नाहीत. पर्यावरणासाठी असतं ते!" माझा आवाज जरा चढलाच.

"मग नको. ह्यांचे कपडे काय फुकट टाकायचे आहेत?"

आणि मग माझी ट्यूब पेटली... साताऱ्याला आमच्याकडे कपडा कधी नुसता टाकलाच नाही. दुपारी बोहारीण यायची, टोपली उतरवायची आणि आई तिच्याशी मनसोक्त घासाघीस करायची. माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचा पोह्यांचा डबा झाला, दादाच्या पँटींची परात झाली. रीसायकलिंग हा शब्द आमच्या गल्लीत कुणाला माहीतही नव्हता, पण घरातून कपडा गेला की त्याच्या जागी घरात काहीतरी यायचं.

आईला भांड्याचा सोस नव्हता हो... बाबांच्या जागी काहीतरी यायला हवं होतं.

हे मी पद्माक्काला बोलता बोलता सांगितलं आणि विसरून गेले. रविवारी दार उघडते तर ही बया उभी! कमरेवर बादली, बादलीत स्टीलची भांडी, आणि तीही स्वतःच्या घरातली. मला डोळा मारून आत ओरडली, "जुने कपडे आहेत काय, अक्का?"

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पलंगाखालची बॅग ओढत आणली आणि फरशीवर बसली.

पद्माक्काने पहिला शर्ट उजेडात धरला. "कॉलर गेलीय. ह्याच्यावर वाटी देते. सरी? चालेल ना?"

"वाटी?" आई अशी कडाडली की मी दचकलेच. "कापडाला हात लावून बघा आधी!"

पुढचा शर्ट. "ह्याचा तर खिसाच फाटलाय, अक्का."

"फाटणारच. वीज खात्यात होते हे. टेस्टर खिशात ठेवायचे. मी शिवून द्यायची, हे परत फाडून आणायचे..."

आणि मग आई थांबेचना. वादळात लाईट गेली की भरल्या ताटावरून कसे उठायचे. दारातल्या विजेच्या खांबावर चढले की आई खालून कशी ओरडायची, "अहो, पुरे! उतरा आता!" सगळ्या गावाची लाईट नीट करणाऱ्या माणसाच्या घरात बल्ब मात्र कायम गेलेला... आई हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझेही डोळे वाहत होते. इतक्या महिन्यांनी बाबा घरात आले होते.

पण आई ती आईच! डोळे पुसले आणि परत भावावर आली. वाटीवरून तांब्या, तांब्यावरून दुधाचं जाड बुडाचं पातेलं, तेही झाकणासकट! फाटक्या खिशाचा शर्ट पद्माक्काने घडी करून आईच्या मांडीवर ठेवला. "हा नको मला. स्वल्प जास्तच फाटलाय. राहू दे तुमच्याकडे."

ती गेल्यावर आई म्हणाली, "बोहारीण कसली... मला काय कळत नाही? पण भाव करायला बसली, बरं वाटलं मला."

संध्याकाळी आई हट्टाने मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली, पातेल्यावर नाव घालायला. दुकानदाराला कन्नड आणि इंग्लिश येत होतं. मी म्हटलं, इंग्लिशमध्ये घालू. आई म्हणाली, "कानडीत घाल म्हणावं. आता इथेच राहायचंय ना... आणि नाव तू सांग."

आईने बाबांचं नाव कधी घेतलंच नाही. लग्नातला उखाणा सोडला तर जन्मभर नुसतं 'अहो'. मीच सांगितलं, वसंत. मशीन घरघरलं आणि ती गोल गोल अक्षरं उमटली. आईला त्यातलं एकही येत नव्हतं.

पद्माक्का, तुझं पातेलं काही परत मिळणार नाही हं... आणि तुला थँक यू कसं म्हणायचं, तेही मला कळत नाहीये.

कारण आज सकाळी आई ओट्यापाशी उभी होती. दूध अजून ओतलं नव्हतं. मधल्या दिवसांत खाली तुझ्याकडे जाऊन शिकून आलेली कानडी अक्षरं पातेल्यावर एकेक करून बोटाने लावत होती. व... सं... त...

मग एकदा सलग म्हणाली, "वसंत." आणि मग परत... जरा मोठ्याने, वर खांबावर ऐकू जाईल इतक्या.