माझ्या पापणीचा खुलासा

"ओ बाई, डोळा कुणाला मारायलाव?"

पालकसभा भरली होती. विचारणारे संस्थेचे अध्यक्षसाहेब मधल्या खुर्चीत, आणि मी उभी राहून सातवीचा निकाल वाचत होते. माझी उजवी पापणी फडफडत होती. ढोकीच्या त्या शाळेत नऊ वर्षं गणित शिकवलं, आणि साहेबांना दिसली ती पापणी. सगळे हसले. ज्यांच्या पोरींना मी सुट्टीत घरी बोलावून शिकवलं, तेही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. आमच्या शाळेत कशालाही खुलासा. उशीर झाला, खुलासा. हजेरीपटावर खाडाखोड झाली, खुलासा. या वेळी मजकूरही त्यांनीच सांगितला. मी निमूट लिहून घेतला. 'माझ्याकडून गैरवर्तन झाले. यापुढे पापणी हलणार नाही.' खाली सही. नोकरी जाईल म्हणून केली. वर काळा चष्मा लावून वर्गावर जायला लागले.

मग पाय बधिर व्हायला लागले. सोलापूरला मेंदूचा एमआरआय केला. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं म्हणाल्या.

"आणि ही पापणी?"

"तीही त्यातच आली. तुमच्या हातात नाही ते."

आजाराची भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण बसमध्ये रडू आलं ते त्या खुलाशासाठी. जे माझ्या हातात नव्हतं, त्याची माफी मी स्वतःच्या अक्षरात मागितली होती. मी, शिकलेली बाई. स्वतःचाच भयंकर राग आला.

सोमवारी रिपोर्टची झेरॉक्स घेऊन अध्यक्षसाहेबांसमोर गेले. चष्मा न लावता. त्यांनी कागद उघडलाही नाही.

"तब्येत बरी न्हाय तर घरी बसा की. राजीनामा द्या. आमी कुटं बोभाटा करत न्हाय."

पापणी फडफडत होती. मी मान खाली घातली नाही.

"राजीनामा देणार न्हाय साहेब. तो खुलासा म्या मागं घेतलाय. काढायचं तर लेखी काढा, अन् कारण म्हणून पापणी लिहा."

तिसरा तास माझा होता, मी वर्गावर गेले.

उद्या आजारानं खाली बसवलं तर बसेन. साहेबांनी बसवलं म्हणून बसणार नाही.