बेबीताईंच्या पत्त्यांवरच्या खुणा

नावडे वसाहतीतल्या आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर आम्ही चार निवृत्त माणसं रोज संध्याकाळी रमी मांडायचो. एका रविवारी गावाच्या बाजूने एक बाई तरातरा चालत आली आणि हातातला बुटांचा खोका तिने आमच्या मांडलेल्या डावावरच ठेवला. पन्नाशीची असेल. कारखान्याचा निळा कोट अजून अंगात होता.

"रमी तर रोजचीच हाय," ती म्हणाली. "तुमच्यातल्या कोनाला नवीन काय शिकाचा हाय का?"

खोक्यात जपानी कार्टूनचे पत्ते होते. मोठ्या डोळ्यांच्या मुली, पांढऱ्या केसांचे तलवारवाले, आग ओकणारे प्राणी. आमच्यातले कुलकर्णी हसले. म्हणाले, "अहो बाई, हे लहान मुलांचं."

"मंग लहान पोरांच्या खेलात हरवून दाखवते तुमाला," बाई म्हणाल्या. "बसा."

कुलकर्णी बसले नाहीत. मी बसलो. वीस मिनिटांत हरलो आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसलो.

त्या बेबीताई म्हात्रे. सोसायटीच्या स्मरणिकेसाठी मला दरवर्षी काहीतरी लिहायला सांगतात आणि मी आरोग्य किंवा योगासनं असं काही लिहून देतो. यंदा बेबीताईंवर लिहितो आहे, कारण आपल्या वसाहतीत त्यांच्याबद्दल एक गोष्ट बोलली जाते आणि ती खोटी आहे. वाशीच्या स्पर्धेत त्यांनी पत्त्यांना खुणा केल्या नव्हत्या. त्या कोणी केल्या हे मला ठाऊक आहे. पण आधी बेबीताई कोण ते सांगतो.

नावडे गावात त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा लवकर गेला. तळोज्याच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला त्यांची वीस वर्षं गेली. सरकत्या पट्ट्यावरून गोळ्यांच्या पट्ट्या यायच्या आणि एखादी गोळी तुटकी असली, एखादं छापील अक्षर पुसट असलं, की ती पट्टी उचलून बाजूला टाकायची, हे त्यांचं काम. मुलगी प्रणाली लहान असल्यापासून दोघी मायलेकी टीव्हीवर हिंदीतली जपानी कार्टून बघत जेवायच्या. कॉलेजात गेल्यावर प्रणाली हे पत्ते जमवू लागली. मग तिला बंगळुरूला नोकरी लागली आणि खोका माळ्यावर राहिला.

"फोनवर काय बोलाचा रोज?" बेबीताई मला सांगायच्या. "जेवली का, झोपली का. दोन मिनटात संपतं. मंग मी खोका काढला. हा पत्ता काय करतो गो, तो काय करतो? तासभर बोलाय लागली पोर."

पत्त्यांवरची जपानी नावं त्यांना उच्चारता यायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. पांढऱ्या केसांचा तलवारवाला म्हणजे 'भाचा'. हातातले सगळे पत्ते टाकायला लावणारी जादूगारीण ती 'नणंद'. आग ओकणारा सर्वांत मोठा प्राणी 'सासू', कारण "आली का टेबल साफ." खारघरच्या ज्या दुकानात दर शनिवारी सामने व्हायचे तिथली कॉलेजची मुलंसुद्धा पुढे म्हणू लागली, "आंटी, सासू बाहेर काढू नका ना प्लीज."

चूक झाली की हळहळत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मी एखादा पत्ता चुकीचा टाकून कपाळाला हात लावला की त्या म्हणायच्या, "पट्टा थांबत नाय, काका. गेला तो माल गेला, फुडचा बघा." खेळताना त्यांची नजर पत्त्यांपेक्षा समोरच्याच्या हातांवर असायची. कोण कोणता पत्ता किती वेळ धरून ठेवतो यावरून त्या डाव ओळखायच्या.

खारघरच्या दुकानातला एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. समोर बँकेत नोकरी करणारा एक तरुण होता. शेवटची खेळी. त्याच्या टेबलावरच्या एका पत्त्यात अशी शक्ती होती की ती वापरली असती तर बेबीताई तिथेच हरल्या असत्या. तो ती विसरला आणि "पास" म्हणाला. बेबीताईंनी बोटाने त्याचा पत्ता दाखवला. "वाच जरा, काय लिवलंय त्यावर." त्याने वाचलं, शक्ती वापरली आणि जिंकला. परत येताना मी म्हणालो, "असं कोणी करतं का हो?"

"तो विसरला म्हनून मी जिकले, तर मी कुठं जिकले?" त्या म्हणाल्या. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. रिक्षा नावड्याला पोचेपर्यंत त्या कोळंबीचे भाव सांगत होत्या.

आता वाशीची गोष्ट.

तिथल्या एका हॉलमध्ये मोठी स्पर्धा होती. पाच फेऱ्या जिंकणाऱ्याला बंगळुरूच्या अंतिम स्पर्धेत जागा मिळणार होती. प्रणालीने आईला बंगळुरूला ये म्हणून शंभरदा सांगितलं होतं आणि बेबीताई दरवेळी टाळायच्या. "मी पोरीकडं पावनी म्हनून नाय जानार," त्या म्हणाल्या. "आता खेलाडू म्हनून जाईन. तिला हॉलमंदी बसवीन आनि बोलेन, बघ."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी त्या माझ्याकडे आल्या. प्रत्येक पत्ता प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात घालूनच खेळायचा असतो, त्याला स्लीव्ह म्हणतात. जुन्या स्लीव्ह मळल्या होत्या. नव्या घालायच्या होत्या, शिवाय पन्नास पत्त्यांची यादी लिहून तिकडे द्यायची होती. "माजी सेकंड शिफ्ट हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर बरा हाय. एवढा करून ठेवाल?"

मी आधी मुंबई आणि पुढे न्हावा शेवा बंदरात माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे चौतीस वर्षं कारकून होतो. एकेका कंटेनरचे कागद म्हणजे जाडजूड गठ्ठा. त्यातला महत्त्वाचा कागद न बघता हाताला लागावा म्हणून आम्ही त्याच्या वरच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख दाबायचो. पेनची खूण चालत नसे. नखाचा वळ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. चौतीस वर्षं रोज केलेलं काम. ते करतो आहोत हे कळायचंही बंद होतं.

त्या दुपारी मी पत्ते स्लीव्हमध्ये घातले, एकेक यादीशी ताडून पाहिला. 'सासू' आली, नीट आहे, कोपऱ्यावर नख. 'नणंद', नख. 'भाचा', नख. डावातले बारा सर्वांत जबर पत्ते होते आणि बाराही पत्त्यांच्या एकाच कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा वळ पडला. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

वाशीला बेबीताईंनी चार फेऱ्या जिंकल्या. हॉलमध्ये सगळी विशी-पंचविशीची मुलं. ती स्वतःचे सामने आटपून त्यांच्या टेबलाभोवती जमली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि अभिमानाने माझी छाती फुगली होती. पाचव्या फेरीत समोर इंजिनियरिंगची एक मुलगी होती. ती नियमाप्रमाणे बेबीताईंचा गठ्ठा पिसायला घेत असताना थांबली. तिने अंगठा एका कोपऱ्यावरून दोनदा फिरवला आणि हात वर केला. "जज!"

काळ्या टी-शर्टातला जज आला. त्याने पन्नास पत्ते पालथे मांडले, बोटाने चाचपून बारा बाजूला काढले आणि उलटे केले. बाराही जबर पत्ते.

"आंटी, हे काय आहे?"

बेबीताईंनी एक स्लीव्ह उचलून उजेडात धरली. वीस वर्षं तुटक्या गोळ्या हेरणारे डोळे ते. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मलाही कळलं होतं. माझा अंगठा मुठीत गेला होता आणि मी मोबाइलमध्ये बघू लागलो. मोबाइलची स्क्रीन बंद होती.

"गठ्ठा माजा हाय," त्या म्हणाल्या. "जबाबदारी माजी."

"म्हणजे खुणा तुम्ही केल्या?"

"मी नाय केल्या. कोनी केल्या ते मी बोलनार नाय. तुमचा काय नियम असंल तो लावा."

नियम लागला. स्पर्धेतून बाद, वर्षभर बंदी. कोणीतरी मागून "चीटर" म्हटलं. एक वाक्य बोललो असतो तर सामना परत मिळाला असता की नाही ठाऊक नाही. पण नाव तरी राहिलं असतं. चौतीस वर्षं माझ्या कागदात चूक निघाली नव्हती, याचा मला माज होता. त्या पोरांपुढे "म्हाताऱ्याने घोळ केला" हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "सकालपासून काय खाल्लात नाय तुमी. इडली घेऊ का?" मी नको म्हणालो.

दोन दिवसांनी कट्ट्यावर कुलकर्णींनी विचारलं, "काय हो, ती तुमची म्हात्रेबाई पत्त्यांना खुणा करायची म्हणे?" आणि मी म्हणालो, "असेल बुवा. आपल्याला काय कळतं त्यातलं." हॉलमध्ये मी गप्प राहिलो होतो. कट्ट्यावर मी बोललो. कुठलं जास्त वाईट, हे मला विचारायला नको.

त्या पुन्हा येणार नाहीत असं मला वाटलं होतं. रविवारी चार वाजता बेल वाजली. दारात बेबीताई, काखेत खोका, हातात स्लीव्हचं नवं पाकीट.

"नखा कापलीत का, काका? मंग बसा."

बस, एवढंच. मला वाटलं, आता बोलावं. पण त्यांनी पत्ते वाटलेही होते. पुढे एकदाच, डाव चालू असताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "लोकांचा माल रोज तपासते मी. घरचा तपासला नाय, ती चूक माजी." मला त्यांनी घरच्यांत धरलं होतं. मी पत्ता टाकला.

बंदी संपल्यावर त्या पुन्हा सामन्यांना जाऊ लागल्या. मुलं कुजबुजायची. काही जण प्रत्येक फेरीआधी जजला बोलवायचे. बेबीताई स्वतःच गठ्ठा पुढे करायच्या. "बघ बाला, नीट बघ. उजेडात धर." आवाजात राग नसायचा, लाजही नसायची. ज्यांनी त्यांना चीटर म्हटलं त्यांनाही त्या चुकलेली खेळी दाखवून द्यायच्या. बंगळुरूची जागा मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही. पुढच्या वर्षी प्रणालीचं बाळंतपण आलं, बेबीताईंनी नोकरी सोडली, घराला कुलूप लावलं आणि त्या बंगळुरूला गेल्या. पाहुणी म्हणूनच.

गेल्या महिन्यात सामन्यांना येणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक जुना फोटो टाकला. एका नव्या मुलाने विचारलं, ही आंटी कोण? उत्तर आलं, "ती खुणावाली." नावडं सोडून त्यांना तीन वर्षं झाली तरी तेवढंच नाव मागे उरलं होतं.

पुढच्या स्पर्धेला मी वाशीला गेलो. जज तोच होता. मी त्याच्याकडे माईक मागितला आणि सत्तर-ऐंशी मुलांसमोर सगळं सांगितलं. नख कसं दाबायचं ते एका रिकाम्या स्लीव्हवर करून दाखवलं. जजने कोपऱ्यावरून अंगठा फिरवून पाहिला. तेव्हाची ती इंजिनियरिंगची मुलगीही तिथे होती. ती रडली. मी तिला म्हणालो, तू बरोबर केलंस, तुझी काही चूक नाही.

संध्याकाळी बंगळुरूला फोन लावला. मागे नातवाचं रडणं ऐकू येत होतं. मी सांगितलं.

"मी वाट बघत होते, काका," बेबीताई म्हणाल्या. "दर रविवारी वाट बघत होते. आज बोलतील, आज बोलतील."

त्यांनीच पुढे विचारलं.

"पोरांच्या समोर बोललात का नुसता जजच्या कानात?"

"सगळ्यांसमोर. माईकवर."

"बरा केला." मग त्या म्हणाल्या, "आनि कट्ट्यावर?"

मी कुलकर्णींना काय म्हणालो होतो, हे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. तेही तेव्हाच असणार. आणि तरी त्या रविवारी चार वाजता त्यांनी माझी बेल वाजवली होती.

"कट्ट्यावर अजून नाही," मी म्हणालो.

"मंग अर्धाच झाला, काका."

उरलेलं अर्धं मी इथे लिहिलं आहे. स्मरणिका घरोघरी जाते. कुलकर्णींच्या घरी ती मी स्वतः नेऊन देणार आहे आणि ते हे वाचून होईपर्यंत समोर बसणार आहे.