एका सहीची पडताळणी

आमच्या पेठेच्या कोपऱ्यावरचे देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून मी वर्षानुवर्षे लिहिलेल्या पत्रांच्या स्थळप्रती दोन जाड फायलींत आहेत. प्रत्येक पत्र मुद्देसूद आहे आणि प्रत्येकात संबंधित नियमाचा उल्लेख आहे. आलेली उत्तरे मात्र, आली असलीच तर, ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आले आहे’ या वाक्यापलीकडे गेली नाहीत. न्यायालयाच्या कार्यालयात उभी नोकरी झाल्यामुळे असली वाक्ये मी स्वतःही पुष्कळ लिहिली होती. तरी ती वाचून माझ्या कपाळाची शीर ताठ होई आणि मी त्याच दिवशी पुढचे पत्र टाकत असे.

दुकान अखेर बंद झाले, पण माझ्या पत्रांनी नव्हे. ते आमच्या गल्लीतल्या चटणी करणाऱ्या बायकांनी बंद केले, आणि माझ्यामुळे एकदा तोंडघशी पडूनही बंद केले. हे माझ्या हातून कुठेतरी लिहिलेले असावे, एवढाच या मजकुराचा हेतू.

या बायकांचा बचत गट आहे. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा मिरची कांडायचा डंक आहे. गटाच्या अध्यक्षबाई माझ्या घरासमोरच राहतात. त्यांची मुलगी तेव्हा अकरावीत होती. संध्याकाळच्या क्लासहून परतताना तिला त्या दुकानावरून यावे लागे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी दुकानाच्या कट्ट्यावरचा एक इसम गल्लीपर्यंत तिच्या मागे आला. बापाने निकाल दिला: जूनपर्यंत काही झाले नाही, तर बारावीला क्लासही नाही आणि कॉलेजही नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई माझ्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या.

“आण्णा, पोरीचा क्लास बंद करायचा का दुकान, तेवढं सांगा. दोन्ही चालू ऱ्हायचं न्हाय.”

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. वॉर्डाच्या यादीतल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. अधिकारी प्रत्येक बाईला बोलावून सहीची पडताळणी करतात. सह्या खऱ्या ठरल्या तर मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. हे सगळे मला तोंडपाठ होते. मी पुरुष असल्यामुळे मला ते करता येत नव्हते, आणि एखाद्या बाईला सांगावे हे मला कधी सुचले नव्हते.

बायका कामाला लागल्या. अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी अध्यक्षबाई सह्यांचे कागद घेऊन आमच्याकडे आल्या. माझी पत्नी तेव्हा बहिणीबरोबर जोतिबाला गेलेली होती.

“काकू न्हाईत व्हय घरात? मग ऱ्हाऊ दे की.”

“राहू कशाला द्यायचे? आणा इकडे,” मी म्हणालो आणि पत्नीच्या नावापुढे तिची सही करून कागद परत दिला. गॅसच्या अर्जावर, बँकेच्या कागदांवर, विम्याच्या फॉर्मवर तिची सही मीच करीत आलो होतो. ती मला तिच्याहून सुबक येत असे. कागद हातात घेताना अध्यक्षबाई क्षणभर थांबल्या होत्या. मी तिकडे लक्ष दिले नाही.

पडताळणी नगरपालिकेच्या शाळेत झाली. चार दिवसांनी कळले की अर्ज फेटाळला गेला आहे. कितीतरी बायकांनी अधिकाऱ्यांपुढे सरळ सांगितले होते, “ही माझी न्हवं, माझ्या जावंनं केलीया.” कुणाची सुनेने केली होती, तर कुणाची शेजारणीने.

मी तडक शेडमध्ये गेलो. मिरचीचा हंगाम सुरू झाला होता, डंक धडधडत होता, आणि मी खोकत खोकतच बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याची सही करणे हा गुन्हा आहे. त्याला शिक्षा आहे. अडाणीपणा हा कायद्यापुढे बचाव होत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचा अर्ज बुडवला. बराच वेळ बोललो. कुणीतरी डंक बंद केला, तेव्हा माझा आवाज मला उगाच मोठा वाटू लागला.

अध्यक्षबाईंनी पदराने तोंड पुसले.

“आण्णा, एक इचारू? काकूंची सही कुणी केलती?”

मी डोळ्यांत गेलेले तिखट रुमालाने पुसू लागलो.

“तुमी कोर्टातलं माणूस. तुमी बसल्या जागी केली. मला वाटलं, घरातल्या घरात चालत असंल. कायद्यात बसत असल्याबिगर आण्णा करायचं न्हाईत. मीच समद्यास्नी सांगितलं, ज्या घरात न्हाईत त्यांची घरच्यांनी करा म्हणून.”

कोपऱ्यात देठ खुडत बसलेली एक म्हातारी म्हणाली, “व्हय बाई, आता आण्णांस्नी शिक्षा किती ते आण्णांस्नीच इचारा.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो असतो तर बरे झाले असते. मी घरी आलो.

पत्नी तांदूळ निवडत होती. मी विचारले, “पडताळणीला तू गेली होतीस?”

“गेले होते.”

“काय सांगितलंस?”

“ही सही माझी नाही, म्हणून सांगितलं.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत. साहेबांनी विचारलं, त्यांना सांगितलं.” ती पुन्हा तांदळाकडे वळली. एक खडा वेचून म्हणाली, “मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं हो.”

त्या रात्री मी एकही पत्र लिहिले नाही. आपण ज्या घरात कायद्याची पुस्तके ठेवतो त्याच घरात एका सज्ञान व्यक्तीची सही जन्मभर आपणच करीत आलो, आणि त्यात काही गैर आहे हे आपल्याला दाखवायला एक सरकारी अधिकारी लागला, हे मान्य करणे सोपे नव्हते. माझा संताप नेहमी समोरच्या कार्यालयावर असे. तो घरात आणून ठेवायला जागा सापडेना.

सकाळी अध्यक्षबाई पुन्हा दारात हजर. मला वाटले, जाब विचारायला आल्या असतील. त्यांच्या हातात नव्या अर्जासाठी कोरे कागद होते.

“चला आण्णा, मतदार यादी वाचाय कोन न्हाय. पर पेन आमच्यापशी ऱ्हाईल, बरं का.”

त्यांनी मला पुन्हा चारचौघींत उभे करून सुनावले असते, तरी मला तक्रार करता आली नसती. त्यांनी काम दिले. रोज दुपारी मी शेडमध्ये बसून नावे मोठ्याने वाचत असे आणि बायका घरोघर जात. माझी पत्नीही त्यांच्याबरोबर जाऊ लागली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना ती आधी नाव काढायला शिकवी आणि मगच कागद पुढे करी. कुणाची सही दोन ओळींत गेली, कुणाची तिरकी आली. या खेपेला एकही सही बाद झाली नाही.

मग खरी अडचण समोर आली. मतदान मे महिन्यात ठरले. निम्म्याचा हिशेब यादीवर होता, आणि यादीत लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे तशीच होती. न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाणार होती. ती नावे वगळण्यासाठी मी अर्जांचा मसुदा तयार केला.

“वगळायची कशाला?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मे म्हैना हाय. पोरी म्हायेराला येत्यातच. मतदानाच्या आत या म्हणायचं. ओटी भरून लावून देऊ.”

मी हात वर केला. मतदाराला वस्तू देणे हे आमिष ठरू शकते, असे मी स्पष्ट बजावले.

“आगं बाई! लेकीची वटी म्हंजी लाच व्हय?” देठवाली म्हातारी म्हणाली. “मग माझ्या लग्नापासनं मी लाचच खात आले की!”

मी खूप विचार केला आणि निर्णय दिला की ओट्या मतदानानंतर भराव्यात, आणि मत कुणाला दिले हे कुणालाही विचारू नये. हा निर्णय त्यांनी इतक्या गंभीर चेहऱ्यांनी ऐकला की माझी टिंगल चालली आहे हे मला दोन दिवसांनी समजले.

मुली आल्या. हातकणंगल्याहून आल्या, कर्नाटकाच्या सीमेपलीकडून आल्या, एक तर कडेवरच्या बाळासह आली. मी शाळेच्या फाटकापासून नियमाने ठरलेल्या अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे दिवसभर उभा होतो. पत्नी मत देऊन आली, तेव्हा मी सहज म्हणालो, “आडवीवरच ना?”

“गुप्त मतदान असतं,” ती म्हणाली आणि मुलींच्या ओट्या भरायला निघून गेली.

आडवी बाटली थोडक्या मतांनी जिंकली. काही दिवसांनी दुकानाला सील लागले. बायका ते बघायला थांबल्या नाहीत. पावसाच्या आत राहिलेली मिरची कांडून व्हायची होती. मी एकटाच समोरच्या पायरीवर उभा राहून सगळे पाहिले. आयुष्यात मला कायद्याने पुष्कळ वेळा निराश केले आहे. त्या दिवशी तो कायदा माझ्या पेठेत, माझ्या डोळ्यांदेखत चालला, आणि तो चालवणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत तिखटाने लाल होते. मी त्यांचा ऋणी आहे. माझ्या चुकीचा ठपका त्यांनी माझ्यावर ठेवला नाही, याबद्दल अधिक ऋणी आहे.

जूनमध्ये ती मुलगी बारावीच्या क्लासला जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात ती परतायच्या वेळी, सातच्या सुमाराला, मी आमच्या फाटकात घड्याळ बघत उभा राहत असे. एके दिवशी क्लासला जाताना तिने मला फाटकात पाहून सायकल थांबवली.

“आण्णा, आज आत बसा. जादा तास हाय, आठ वाजतील.”

ती गेली. मी फाटकाची कडी लावली आणि आत येऊन बसलो.