दोनदा सांगितलेल्या बातम्या

एका उशीला अभ्रा चढला होता, दुसरी तशीच उघडी पलंगावर पडली होती, आणि वहिनी हातातला रिकामा अभ्रा धरून सुनेकडे बघत उभ्या होत्या.

"आई, वाचाल ना?" सुनेने पुन्हा विचारलं. "मोबाइल समोर धरायचा आणि बोलायचं, एवढंच."

"कुणी, मी?"

"मग काय बाबांनी? त्यांना चष्मा सापडेपर्यंत बातम्या शिळ्या होतील."

"चष्मा माझ्या नाकावरच आहे," खुर्चीतून वहिनींचे यजमान म्हणाले. "वर्तमानपत्र सापडत नाहीये."

वहिनी आता आजी झाल्या होत्या, तरी सगळे त्यांना वहिनीच म्हणत. घराण्याचं चार पानी दैनिक, खाली छापखाना, वर घर. छापखान्यातल्या पहिल्या माणसाने एकदा वहिनी म्हटलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. दैनिक अजून निघत होतं, पण बरेच जुने वाचक डोळ्यांनी अधू झाले होते. रोज संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर बोलक्या बातम्या पाठवायच्या, असं मुलाने ठरवलं होतं. त्यासाठी त्याने कॉम्प्युटरचा आवाजही शोधून ठेवला होता. हा आवाज न अडखळता, न थकता, मागे कुणी लागल्यासारखा वाचत सुटे. सून म्हणाली, घरात माणूस असताना हा कशाला? तेव्हा मुलाने तोडगा काढला. एक दिवस आई वाचेल. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं तर आई, नाहीतर मशीन.

वहिनींनी अभ्रा घडी करून उशाशी ठेवला. "बघते," एवढंच म्हणाल्या. मनातून मात्र हे काम त्यांना किती हवं होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक आणि देवाला ठाऊक.

लग्न होऊन आल्या तेव्हा बाहेरगावच्या बातम्या घरात येत त्या रेडिओवरून. तारेने बातम्या मागवणं छोट्या दैनिकाला परवडण्यासारखं नव्हतं. अशांसाठी रेडिओवर धीम्या गतीचं बातमीपत्र असे. निवेदक एकेक वाक्य सावकाश, तोडून तोडून सांगे, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा उच्चारी, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणे. ऐकणाऱ्याने उतरवून घ्यायचं आणि खाली छापखान्यात द्यायचं. सासरे स्वतः लिहीत. एकदा त्यांचा हात दुखावला म्हणून नव्या सुनेला बसवलं, आणि तिचं अक्षर बघून पुन्हा काही त्यांनी पेन हातात घेतलं नाही.

स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या टोकाला रेडिओ, शेजारी स्टुलावर वहिनी. बातमीपत्राच्या वेळेला घरात फोडणी द्यायची नाही, बादली आपटायची नाही, भांडायचं असेल तर गच्चीवर जायचं. सासूबाई देवभोळ्या, तरी त्यांनी आपली प्रार्थना मागे ढकलली होती. "देव माझ्यासाठी थांबतो," त्या म्हणत, "तो रेडिओवाला थांबतोय का?" बाळाला मांडीवर घेऊन त्या दुसऱ्या खोलीत बसत. बाळ रडलंच तर त्याचं तोंड दाबायचं की त्याला पदराखाली घ्यायचं, अशी त्यांची तारांबळ उडे. तेच बाळ आज संपादक होऊन आईची परीक्षा घेत होतं.

खाली छपाईची अक्षरं जुळवणारा खिळेजुळारी वाट बघत उभा असायचा. वहिनींचं पहिलं पान जिन्यावरून खाली गेलं की त्याची बोटं शिशाच्या खिळ्यांवर चालू लागत. दूरदेशी सरकार पडलं, कुठे पूर आला, कुणी सामना जिंकला, हे सगळं गावाला कळायच्या आधी या घरच्या ओट्याला कळे. या गोष्टीचा वहिनींना अभिमान होता, आणि अभिमान बरा नव्हे म्हणून त्या रोज देवाजवळ माफीही मागत.

मग टेलिप्रिंटर आला. बाहेरगावच्या बातम्या खडखडत आपल्या आपणच कागदावर छापायचा. सासऱ्यांनी त्याला हार घातला, आणि वहिनींनी त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला. पुढे कॉम्प्युटर आला, शिशाचे खिळे गेले, इंटरनेट आलं, टेलिप्रिंटरही भंगारात गेला. दर वेळी कामं सोपी झाली, दर वेळी वहिनींनी चहा दिला. तक्रार कधी केली नाही. फक्त बातमीपत्राच्या वेळेला त्या उगीच हातातलं काम थांबवून ओट्याशी उभ्या राहत. सवय, दुसरं काय.

त्या संध्याकाळी सुनेने खोलीचं दार लोटलं, मोबाइल उभा करून ठेवला आणि कागद हातात दिला. वहिनींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आणि वाचायला लागल्या.

सून बाहेर धाकट्या मुलाचं दप्तर आवरत होती. मुलगा खाली फोनवर कुणाशी तरी जाहिरातीवरून हुज्जत घालत होता. आईचं वाचून झालं तसं त्याने न ऐकताच ते सगळ्यांना पाठवून दिलं.

जेवताना त्याने कानाला मोबाइल लावला आणि त्याचा घास हातातच राहिला.

"आई, हे काय केलंस?"

"का? चुकलं कुठे?"

त्याने आवाज मोठा केला. वहिनींचा स्वच्छ, शांत आवाज खोलीत घुमला. "उद्या सकाळी जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे, स्वल्पविराम, उत्तरेकडच्या भागात पाणी येणार नाही, पूर्णविराम." मग थोडी जागा सोडून, पुन्हा तेच. उद्या सकाळी जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे, स्वल्पविराम.

सुनेने तोंडावर हात धरला. यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"बातम्या अशाच सांगतात," वहिनी पडल्या आवाजात म्हणाल्या. "मला दुसरी तऱ्हा माहीतच नाही." आणि उठून पाण्याचा तांब्या भरायला गेल्या. तो भरलेलाच होता.

मुलाने मोबाइल उपडा ठेवला. उद्यापासून मशीन, हे त्याच्या कपाळावरच लिहिलेलं होतं.

सकाळी तो खाली गेला आणि लगेच मोबाइल घेऊन वर आला. निरोप आले होते. कुणी टिंगल केली होती, "पुढच्या वेळी उद्गारचिन्हही ऐकवा". कुणी रागावलं होतं, एवढं सावकाश ऐकायला वेळ कुणाला आहे. पण बऱ्याच जणांनी शेवटपर्यंत ऐकलं होतं. एका म्हाताऱ्या बाईंनी पाण्याची आणि दवाखान्याची वेळ लिहून घेतली होती, पहिल्यांदा ऐकली, दुसऱ्यांदा लिहिली. "मुलगी सांगते ते भरभर," त्यांनी कळवलं होतं, "परत विचारलं की चिडते."

तेवढ्यात जुन्या खिळेजुळाऱ्याचा फोन आला. त्याला आता दिसत नव्हतं. मुलाने फोन आईच्या हातात दिला.

"वहिनी, तुम्ही स्वल्पविराम म्हणालात आणि माझी बोटं अंथरुणावर खिळा शोधायला लागली," तो म्हणाला. "नात म्हणते, आजोबा, चादर का खाजवताय?"

"अहो, पोराने मला काढून टाकायचं ठरवलंय त्या स्वल्पविरामापायी."

"त्याला म्हणावं, तुझ्या दैनिकात तेव्हा चुका कमी होत्या, त्या कुणाच्या अक्षरामुळे?"

मुलगा शेजारीच उभा राहून ऐकत होता. डोकं खाजवत म्हणाला, "बरं, असं करू. मोठ्या बातम्या मशीन वाचेल, त्या लोकांना भरभरच हव्यात. पाणी, वीज, दवाखाना, निधनवार्ता, गावातलं सगळं तुझ्याकडे. पण स्वल्पविराम नाही."

वहिनींनी जरा विचार केला. इतक्या वर्षांनी काम हाती येत होतं, तरी घासाघीस केल्याशिवाय त्या राहिल्या नाहीत.

"स्वल्पविराम सोडते. दोनदा वाचणं सोडणार नाही."

"लांबेल गं."

"ज्याच्या घरचं पाणी जाणार आहे त्याला लांबणार नाही. मशीनला सांग एकदा वाचायला."

"दोनदा तर दोनदा," यजमान मध्येच म्हणाले. "मला ही रोज सगळं चारदा सांगते, मी कधी तक्रार केली?"

"तुम्ही कधी ऐकलंत?" वहिनी म्हणाल्या, आणि मुलगाही हसला.

त्यांनी देवापुढे हात जोडले. काय मागितलं कुणी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर समाधान होतं. सून मात्र कालचं वाचन पुन्हा कान देऊन ऐकत होती. "आई, मधूनमधून हे कण्हतंय कोण?"

सगळ्यांनी ऐकलं. खोलीचं दार होतं, वाऱ्याने हलताना बिजागरी कुरकुरत होती, निधनवार्तेच्या अगदी मध्यावर.

"हे नाही चालायचं," वहिनी म्हणाल्या. पायात चपला सरकवल्या, पिशवी घेतली, आणि बिजागरीला घालायचं तेल आणायला त्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे निघाल्या.